खोली साफ करायला आम्ही चालतो, राहायला का नाही? हलक्या सफाई यंत्राच्या निमित्ताने काही स्पष्ट बोल



बारामती आणि इंदापूर परिसरात भाड्याच्या खोल्यांचा धंदा किती वाढला आहे, हे इथल्या कुणालाही वेगळे सांगायला नको. बारामतीत एमआयडीसी आहे, पियाजिओ आणि फरेरोसारख्या कंपन्या आहेत, टेक्स्टाईल पार्क आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्या प्रतिष्ठान आणि तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरची एमआयडीसी, भिगवणजवळचा कागद कारखाना, वालचंदनगर, भवानीनगर आणि बिजवडीचे साखर कारखाने आहेत. कामगार येतात, विद्यार्थी येतात, बदलीवरचे साहेब येतात, स्पर्धा परीक्षेची पोरे येतात. अकरा महिन्यांचा करार संपतो, खोली रिकामी होते, मग दुसरा भाडेकरू येतो. या दोन भाडेकरूंच्या मधले जे दोन-चार दिवस असतात, त्यांच्याविषयी आज आम्हाला लिहायचे आहे. कारण त्या दिवसांत झाडू, बादली घेऊन त्या रिकाम्या खोलीत शिरणारी बाई अनेकदा आपल्याच वस्तीतली असते.

तिला चावी दिली जाते. तिच्यावर विश्वास टाकला जातो. संडास, मोरी, कपाट, गादी, गालिचा, सगळ्याला तिचा हात लागलेला चालतो. पण तीच बाई पुढच्या महिन्यात आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी तीच खोली भाड्याने मागायला गेली, की प्रश्न सुरू होतात. आडनाव काय? कोणत्या गावचे? मटण-मच्छी खाता का? आणि शेवटी ते ठरलेले वाक्य: खोली कालच गेली. खोली गेलेली नसते. दारावरची पाटी तशीच असते.

हे आम्ही बारामतीपुरते बोलत नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत तो छापला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना केवळ ओळखीमुळे घर नाकारले जाते, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. आणि आपल्याला तर अभ्यासाचीही गरज नाही. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. शंभर वर्षे उलटून गेली. काठी गेली, 'खोली कालच गेली' हे वाक्य आले.

मग या सगळ्यात गालिचा साफ करण्याच्या यंत्राचा काय संबंध, असे कुणी विचारेल. संबंध आहे, आणि थेट आहे. सफाईचे काम करणाऱ्या काही भगिनी आणि नव्याने धंदा करू पाहणारे काही तरुण सध्या एकच प्रश्न विचारत आहेत: रिकाम्या फ्लॅटची, ऑफिसची, अभ्यासिकेची सफाई करायची आहे, गालिचा आणि सोफा धुण्याचे यंत्र घ्यायचे आहे, कोणते घ्यावे? दुकानदार त्याचे उत्तर मोटारीच्या ताकदीवरून देतो. मोबाईलवरचा व्हिडिओ त्याचे उत्तर फेसावरून देतो. आमचे उत्तर असे आहे की यंत्र निवडताना पहिला प्रश्न 'हे उचलणार कोण?' हा असला पाहिजे आणि दुसरा प्रश्न 'हे मालकीचे कुणाच्या?' हा असला पाहिजे. या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली तर यंत्र कितीही आधुनिक असो, तो नव्या रूपातला झाडूच आहे.

आधी गालिच्याचे बोलू. गालिचा म्हटले की आपल्यातल्या अनेकांना हसू येईल. आपल्या घरात सतरंजी, चटई, फार तर प्लास्टिकचे मॅट. पण भाड्याने जाणाऱ्या जागांत आता गालिचा बराच दिसतो. कंपनीच्या साहेबांसाठी ठेवलेले फर्निचरसकट फ्लॅट, वकिलांची आणि डॉक्टरांची भाड्याची ऑफिसे, क्लासेस, अभ्यासिका. यातला बराचसा गालिचा फरशीला चिकटवलेला, पातळ, नमद्यासारखा असतो. तो उचलून गच्चीवर नेऊन झटकता येत नाही. जागेवरच साफ करावा लागतो. त्याच्या जोडीला भाडेकरूने सोडलेल्या गाद्या, सोफे आणि कापडी खुर्च्या असतात. म्हणून इथे यंत्र लागते.

आपल्या भागाचे तीन त्रास वेगळे आहेत, ते पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. पहिला म्हणजे काळी माती. ती इतकी बारीक आणि चिकट असते की आधीच पाणी मारले तर गालिच्यात चिखल होतो आणि तो तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो. म्हणून आधी कोरडी सफाई, पूर्ण वेळ देऊन, आणि मगच पाणी. दुसरा त्रास गळीत हंगामाचा. कारखान्याच्या आसपासच्या गावांत धुराड्याची काजळी आणि राख उडते, ती बंद खोलीतही खिडकीच्या फटीतून येते. ती हाताने पुसली की काळा पट्टा पडतो, म्हणून तीही आधी कोरडी ओढूनच घ्यावी लागते. तिसरा त्रास बोअरच्या पाण्याचा. क्षाराचे पाणी असेल तर साबण नीट काम करत नाही, यंत्राच्या फवाऱ्याची बारीक भोके क्षाराने बुजतात आणि वाळल्यावर गालिच्यावर पांढुरका थर दिसतो. शक्य तिथे नळाचे पाणी वापरावे आणि काम झाल्यावर टाकीत साधे स्वच्छ पाणी घालून फवारा एकदा चालवून घ्यावा.

आता वजनाचा हिशेब. पाणी एका लिटरला एक किलो, हे शाळेत शिकलेले आपण दुकानात विसरतो. व्यावसायिक फवारा-आणि-ओढ पद्धतीचे यंत्र, म्हणजे जे पाणी मारते आणि लगेच घाणीसकट परत ओढते, ते साधारण आठ-दहा लिटर टाकीचे असेल तर रिकामे असताना दहा किलोच्या आसपास भरते. टाकी भरली की अठरा-वीस किलो. रिकामी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, किंवा आहे पण बंद. एका मजल्याला अठरा-वीस पायऱ्या धरल्या तर साठेक पायऱ्या. दिवसाला दोन खोल्या म्हणजे तेवढ्याच पायऱ्या दोनदा वर आणि दोनदा खाली. हे ओझे ज्या बाईच्या कमरेवर येते तिने आधीच दहा वर्षे वाकून झाडू मारलेला असतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ मध्ये कामगाराला इजा होईल इतके ओझे उचलायला लावू नये असे म्हटले होते. पण रिकामा फ्लॅट हा कारखाना नाही. तिथे असा कायदा चालत नाही, निरीक्षक येत नाही, हजेरीपट नसतो. म्हणून ती मर्यादा आपली आपल्यालाच घालावी लागेल. आम्ही सुचवतो की एकटी बाई एका हाताने जिना चढताना जे उचलू शकते, म्हणजे सात-आठ किलोपर्यंत, तेवढेच यंत्र एकटीच्या कामासाठी घ्यावे. त्याहून जड असेल तर दोघी लागतील आणि दर दोघींचा लागेल. टाकी नेहमी वर गेल्यावर भरावी. वर पाणी नसेल तर एक मोठा कॅन नेण्यापेक्षा पाच-पाच लिटरचे दोन कॅन दोन हातांत न्यावेत, म्हणजे कंबर एका बाजूला ओढली जात नाही.

कोणते प्रकार मिळतात ते थोडक्यात सांगतो. साधा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर हलका असतो, धूळ, केस, माती ओढतो. पण त्याने पाणी ओढायचे नाही. मोटारीत पाणी गेले की यंत्र जाते आणि शॉक बसतो. दुसरा प्रकार ओले-कोरडे दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम. प्लास्टिकच्या पिंपाचा, पंधरा-वीस लिटरचा असला तरी रिकामा पाच-सात किलोत बसणारा मिळतो, कारण तो वर नेताना पाणी नसते. तिसरा प्रकार डाग काढण्याचे छोटे यंत्र. हातात धरायचे, चार-सहा किलोचे, टाकी दीड-दोन लिटरची. सोफा, खुर्ची, गादी, जिन्यावरचा गालिचा यासाठी चांगले, पण अख्खा हॉल करायला घेतला तर टाकी भरता-भरता दिवस जातो. चौथे ते वर सांगितलेले व्यावसायिक यंत्र. पाचवे वाफेचे यंत्र. ते हलके असते, व्हिडिओत छान दिसते, पण वाफ घाण सैल करते, ओढून घेत नाही. घाण तिथेच राहते. लोकरी गालिचा आकसतो ते वेगळे. सहावे म्हणजे फरशी घासण्याचे मोठे गोल ब्रशाचे यंत्र, तीस-चाळीस किलोचे. ते मंगल कार्यालयाला आणि मॉलला ठीक, भाड्याच्या खोलीला नको.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला आम्ही दुसरा प्रकार सुचवतो, आणि त्याच्या जोडीला हाताने हवा भरायचा दोन ते पाच लिटरचा फवारणी पंप. पंपाने साबणाचे पाणी बेताने मारायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, मऊ ब्रशने एका दिशेने घासायचे, आणि ओल्या-कोरड्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायचे. मग साधे पाणी मारून पुन्हा ओढायचे. जड यंत्राइतके झटपट होत नाही, पण एका खोलीला पुरते, आणि कोरडी सफाई, पाणी ओढणे, मोरी तुंबली तर वर साचलेले पाणी काढणे, सगळे एकाच यंत्रात होते. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. हा पंप नवा घ्यायचा. आपल्या भागात प्रत्येक शेतावर फवारणीचे पंप पडलेले असतात आणि मालक सहज म्हणतो की हा घे, धुऊन वापर. ज्या पंपात कीटकनाशक भरले होते तो कितीही धुतला तरी बंद खोलीत वापरायचा नाही. त्या गालिच्यावर उद्या कुणाचे तरी लेकरू रांगणार आहे, आणि आज त्याचा फवारा आपल्या बाईच्या नाकातोंडात जाणार आहे.

यंत्र घेताना दुकानात एवढे तपासा. टाकी भरायला लावून उचलून पाहा, आणि ते उचलून पाहणारी व्यक्ती खरोखर काम करणारी असू द्या, तिचा नवरा किंवा भाऊ नव्हे. पकड रुंद आहे का पाहा, बारीक पकडीने बोटे कापतात. मोटारीचे वॅट पाहा. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट चालतात. त्याहून मोठ्या यंत्राला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो आणि तो रिकाम्या खोलीत फक्त गीझरजवळ किंवा एसीजवळ असतो. वायर आणि नळी किती लांब आहे पाहा. सुटे भाग, फिल्टर, नळी बारामतीत किंवा निदान पुण्यात मिळते का ते विचारा, नाहीतर शंभर रुपयांच्या रबरासाठी यंत्र महिनाभर कोपऱ्यात बसते. आणि काम ठरवताना मालकाला आधी विचारा की खोलीतली वीज चालू आहे का. जुन्या भाडेकरूने बिल थकवले आणि महावितरणने जोडणी तोडली असेल, तर तुम्ही यंत्र घेऊन तीन मजले चढून रिकाम्या हाताने परत याल, आणि त्या फेरीचे पैसे कुणी देणार नाही.

जिवाशी खेळ होऊ नये म्हणून तीन गोष्टी पाळायच्या. ब्लीचिंग आणि संडास धुण्याचे ॲसिड कधी एकत्र करायचे नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. वायर तीन पिनांची, अर्थिंग असलेली हवी आणि तिचा जोड पाण्यात पडता कामा नये. आणि गालिचा ओला ठेवून दार बंद करून जायचे नाही. खिडक्या उघडून पंखा लावून वाळू द्यायचा. पावसाळ्यात तर पाणी दोनदा ओढून घ्यायचे, नाहीतर आठवड्यात बुरशीचा वास येतो आणि मालक पैसे कापतो.

आणखी एक बोल, सगळ्यात महत्त्वाचा. खोली साफ होत आली की मालक म्हणतो, 'जाता जाता तेवढे चेंबर बघ ना.' हे बोलणे साधे नाही. गटार, चेंबर, शौचालयाची टाकी यांत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे. दोनशे रुपये जास्त मिळतील म्हणून कुणीही त्यात उतरायचे नाही. नगरपालिकेची किंवा खासगी उपसा गाडी बोलवावी. 'आम्ही गालिचा साफ करायला आलो आहोत' एवढे एकच वाक्य सरळ मान ठेवून म्हणायला शिका.

'जाता जाता एवढे कर' ही भाषा आपल्या बापजाद्यांनी ऐकलेली आहे. महारकी वतनात हेच होते. काम किती, कोणते, किती वेळ, काही ठरलेले नाही. सरकारचा निरोप पोहोचवा, मेलेले ढोर ओढा, लाकडे फोडा, सगळे घर राबवा, आणि बदल्यात बलुत्याची भाकर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते यासाठीच. कामाला हद्द नाही आणि मोबदला ठरलेला नाही, म्हणजे ती गुलामी, मग तिला वतन म्हणा नाहीतर घरकाम. हलकी वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, पण ती सवय मालकांच्या जिभेवरून अजून उतरलेली नाही. म्हणून आम्ही म्हणतो की यंत्राबरोबर दरपत्रक छापून घ्या. गालिचा चौरस फुटाला किती, सोफा सीटला किती, गादी किती, जिन्याचा प्रत्येक मजला किती, रद्द झालेली फेरी किती. कागदावर लिहिलेला दर हा वतनाला दिलेला साधा, रोजचा नकार आहे.

आता मालकीचे. समजा दोन भगिनींनी मिळून १८,००० रुपयांचे सामान घेतले. आठवड्याला चार खोल्या, वर्षाला ५० आठवडे, म्हणजे २०० खोल्या. दोन वर्षे यंत्र चालले तर ४०० खोल्या. यंत्राचा खर्च खोलीमागे ४५ रुपये पडतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही मांडा. पण यातून एक दिसते की यंत्र महाग नाही, यंत्र नसणे महाग आहे. हेच यंत्र ठेकेदाराचे असेल तर तो खोलीचे पूर्ण पैसे घेतो, बाईला दिवसाची मजुरी देतो, आणि फरक 'यंत्राचा' म्हणून खिशात घालतो. म्हणजे ४५ रुपयांच्या वस्तूच्या जोरावर तो तिच्या अर्ध्या कमाईचा धनी होतो. श्रम आपले आणि साधन दुसऱ्याचे, हीच तर आपल्या गरिबीची जुनी गोष्ट आहे.

पैसा कुठून आणायचा? स्टँड-अप इंडिया योजनेची भाषणे आपण खूप ऐकली, पण ती १० लाखांपासून पुढच्या कर्जासाठी आखलेली होती. वीस हजारांचे यंत्र घेणाऱ्या बाईला तिचा उपयोग नव्हता. मुद्रा योजनेचा 'शिशू' गट ५० हजारांपर्यंतचा आहे, तो इथे बसतो. मोठे युनिट काढायचे असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि शहरात २५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, ते आपल्याच नावाने आहे, तिथे जाऊन बसा, अर्ज टाका, पोच घ्या. बचत गट असेल तर गटाच्या नावाने यंत्र घ्या आणि कुणी कोणत्या दिवशी वापरायचे त्याची वही ठेवा. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत, कुणी एजंट मागत असेल तर देऊ नका.

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. काही तरुण कार्यकर्ते रागाने विचारतात: बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडा सांगितले, मेलेले ढोर ओढू नका सांगितले, आणि तुम्ही पोरांना पुन्हा सफाईच्या यंत्राला जुंपता? हा राग खरा आहे आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. सफाईच्या कामाला सेवा आणि धर्म म्हणून गौरवणाऱ्या विचारावर बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात कठोर टीका केली. कुणाला गुलामीत ठेवायचे असेल तर आधी त्या गुलामीचे गोडवे गायचे, ही युक्ती त्यांनी उघडी पाडली. म्हणून आम्ही इथे एकही गोडवा गात नाही. सफाई पवित्र नाही, सेवा नाही, पुण्य नाही. ते काम आहे, आणि कामाला दाम आहे.

शिकणाऱ्या मुलाने शिक्षण सोडून हे यंत्र हातात घ्यावे असे आमचे अजिबात म्हणणे नाही. त्याची जागा विद्यापीठात आहे, न्यायालयात आहे, प्रयोगशाळेत आहे, आणि तो तिथे गेलाच पाहिजे. पण ज्या भगिनी आज, आत्ता, गुडघ्यावर बसून ब्रशने गालिचा घासत आहेत, त्यांना आपण काय सांगणार? 'हे काम सोडा' एवढे भाषण देऊन घरी जायचे? सोडून त्या खाणार काय? बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते तेव्हा त्यांनी कामाचे तास, प्रसूती लाभ, कामगार कल्याण हे विषय हाती घेतले. काम करणाऱ्याचे आजचे ओझे कमी करणे आणि उद्या त्याच्या मुलाला त्या कामातून बाहेर काढणे, या दोन्ही लढाया त्यांनी एकाच वेळी लढल्या. आपण एकीचे नाव घेऊन दुसरी टाळू नये.

'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची वाटणी आहे. मग आपली कसोटी सोपी आहे. गालिचा साफ करण्याचे काम कुणी करावे हे जन्मावरून ठरत असेल तर ते यंत्राने केले तरी जातीचेच काम. ते काम ज्याला धंदा करायचा आहे तो कोणत्याही जातीचा माणूस, ठरलेल्या दराने, आपल्या यंत्राने करत असेल तर तो व्यवसाय. युरोप-अमेरिकेत गालिचा साफ करणारा आपल्या नावाची गाडी घेऊन फिरतो. त्याचे आडनाव ऐकून कुणी पाण्याचा ग्लास वेगळा ठेवत नाही. आपल्याकडे यंत्र तिकडचे आले, पण ग्लास अजून वेगळाच आहे. म्हणून आम्हाला उद्या या धंद्यात देशमुखांचा, कुलकर्ण्यांचा पोरगाही हवा आहे. तो हे यंत्र घेऊन तिसरा मजला चढेल तेव्हाच यंत्राचे वजन किती असावे यावर सगळ्या समाजाचे एकमत होईल.

ऑफिसात बसून सफाईचा ठेका देणाऱ्या आपल्या नोकरदार बांधवांनाही दोन शब्द. सोसायटीच्या, संस्थेच्या, बँकेच्या समितीवर तुम्ही असाल तर निविदेत यंत्राचे जास्तीत जास्त वजन, लिफ्ट वापरण्याची परवानगी, हातमोजे, आणि काम करणाऱ्याला पाणी पिण्याची व शौचालयाची सोय, या अटी लिहून घ्या. संडास साफ करणाऱ्या बाईला तोच संडास वापरू न देणाऱ्या इमारती आपल्या गावात आहेत. तिथे तुम्ही गप्प बसलात तर तुमच्या घरातल्या फोटोला हार घालून उपयोग नाही.

आणि आता परत त्या खोलीच्या चावीकडे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात बहिष्काराची व्याख्या करताना घर भाड्याने देण्यास नकार ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे? आपण मोर्चे काढतो, पण 'खोली कालच गेली' या वाक्याची नोंद ठेवत नाही. यापुढे ठेवू या. कोणत्या इमारतीत, कोणत्या तारखेला, काय विचारले, नकारानंतर पाटी किती दिवस तशीच होती, हे लिहा, मित्राला साक्षीला न्या, आणि मग वकिलाकडे जा. सफाई करणाऱ्या आपल्या भगिनींना कोणती खोली कधी रिकामी झाली आणि कधी भरली हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात खरे माहीत असते. तिथली चावी त्यांच्याच हातात असते. ही माहिती मोठी ताकद आहे. पण ती उघड करणारी बाई उद्या त्याच मालकाच्या मजुरीवर अवलंबून असेल तर ती बोलणार नाही, आणि तिने बोलावे असे म्हणण्याचा आपल्याला हक्कही नाही. तिचे यंत्र तिचे असेल, दहा ठिकाणी तिचे काम असेल, एक मालक गेला तर नऊ उरत असतील, तेव्हाच ती सांगू शकेल की साहेब, ती खोली गेलेली नव्हती, मी परवाच साफ केली.

म्हणून बारामती आणि इंदापुरातल्या प्रत्येक वस्तीतल्या मंडळाला आमचे सांगणे आहे. या वर्षी जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या एका रात्रीचे पैसे बाजूला काढा आणि वस्तीतल्या सफाई करणाऱ्या भगिनींच्या नावावर एक ओले-कोरडे व्हॅक्यूम आणि दोन नवे पंप घ्या. घेताना त्यांना दुकानात घेऊन जा, त्यांनाच उचलून पाहू द्या. बिल त्यांच्या नावाचे करा. बुद्धविहारात वही ठेवा: एका बाजूला यंत्र कुणाकडे आहे त्याची नोंद, दुसऱ्या बाजूला कुणाला कुठे खोली नाकारली त्याची नोंद. वर्षभराने दोन्ही बाजू उघडून वाचू या.

जय भीम! जय संविधान!